डोक्याला आंबवणी

टकलावर उपाय सुचवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. कांद्याचा रस लाव, मोहरीचं तेल चोळ, सकाळी अनवाणी चाल. सांगणाऱ्याच्या डोक्यावर हमखास जंगल असतं. लोणी देवकरला कंपनीत शिफ्ट बदलतानाही हे ऐकायचं आणि गावी निरवांगीत पारावर बसलं तरी हेच. लग्नाचं बघणं सुरूच होतं. दर वेळी निरोप एकच यायचा, "पोरगं चांगलं हाय, पण वयानं मोठं दिसतंय." एकदा असाच निरोप आला आणि मी चिडून बारामतीला जाऊन केस लावून आलो. मागचे केस एकेक करून मुळासकट काढतात आणि पुढं लावतात. गावात कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तात्यांना, म्हणजे वडलांना, मात्र सांगावं लागलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच, आणि डोकं धुवायला दुसऱ्याचा हात लागणार होता.

ते कसं धुवायचं हे शिकायला तात्या दवाखान्यात आले. सिस्टरनं सगळं नीट दाखवलं. फेस नुसता ठेवायचा, थोडं थांबायचं, मग मगानं अलगद पाणी सोडायचं. धार नको, चोळणं नको, टॉवेल नुसता टेकवायचा. नख लागलं तर लावलेला केस उपसून येईल, असं तिनं बजावलं. तात्या टोपी हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, पानी रोज द्यायचं का दिवसाआड?" सिस्टर हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत ते म्हणाले, "आंबवणीच की ही." नव्या लागणीनं जीव धरावा म्हणून पहिल्या पाण्यानंतर लगेच हलकं पाणी देतात, ती आंबवणी. जन्मभर ऊस आणि कांदा लावलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात. तात्यांनी माझ्या डोक्यासाठी गावातल्या फिल्टरवरून जार आणायला सुरुवात केली. स्वतः मात्र बोअरचंच प्यायचे. नखं त्यांनी इतकी आत कापली की भाकरी मोडताना बोटं झोंबायची. रोज सकाळी न्हाणीत मला पाटावर बसवायचे आणि म्हणायचे, "मान हलवू नगं." कानात फेस, डोळे मिटलेले, सुजलेलं कपाळ गुडघ्यांकडं झुकलेलं, असा मी बसून असायचो. एवढा वाढलेला बाप्या, कंपनीत चार माणसांवर ओरडणारा, आणि आपलंच डोकं आपल्याला धुता येत नाही. मी उगाच खेकसायचो, "हळू की." लगेच त्यांचा हात थांबायचा. "दुखलं का रं?" म्हणायचे. दुखत तर काहीच नव्हतं.

खपल्या धरल्या आणि मग त्या सुटायला लागल्या. पुढं नवे केसही गळायला लागले. असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वरचा केस गळतो, मूळ आत राहतं, काही महिन्यांनी तिथून नवा येतो. मी हे तात्यांना परत परत सांगितलं. त्यांनी गळलेले केस तळहातावर घेतले आणि उन्हात धरून बघितले. "वरचं वाळलं म्हंजे खालचं गेलंच," म्हणाले. "पानी जास्ती झालं. न्हायतर माझं बोट लागलं आसंल." मी डॉक्टरांना फोन लावून दिला. तात्या "व्हय सायेब, व्हय सायेब" करत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मानूस भला हाय. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हनून बोलला." त्यांचं जेवण तुटलं. मला त्यांची कीव यायची आणि संतापही यायचा. पण रोपातलं जे त्यांना कळतं ते खोटं आहे, हे मी कोणत्या तोंडानं पटवणार होतो?

नेमके तेव्हाच पाहुणे आले. नात्यातल्या एका मामांनी जमवून आणलं होतं. आत्ता नको म्हणून मी हातापाया पडलो, पण ते ऐकेनात. मुलीचे वडील आणि तिचा चुलता घर बघायला आले. मी सैलसर टोपी घालून बसलो. पोहे झाले, चहा आला. मुलीच्या वडलांनी सहज विचारलं, "घरात पण टोपी असते का?"

मी तोंड उघडायच्या आत तात्यांनी कप खाली ठेवला. "पावनं, ह्यात पोराची कायबी चूक न्हाय. डाक्टरनं केस नीट लावलं हुतं. धुताना माझ्या हातनं गेलं."

केस परत येणार आहेत म्हणावं, तर ती थाप वाटली असती. गप्प बसावं, तर बापावरचा ठपका मान्य केल्यासारखं होत होतं. मी प्लेटमधले शेंगदाणे बघत राहिलो. मुलीचे वडील "असू द्या, असू द्या" म्हणाले. चुलत्यानं मोबाईल काढला.

नकार मामांकडून आला. केसाचं लपवतो तो आणखी काय लपवत असेल, असं पाहुण्यांचं म्हणणं होतं. तात्या गोठ्यात शेण काढत होते. मी सांगितलं, "पत्रिका जुळली न्हाय."

"पत्रिका मागितली कवा त्यांनी?" त्यांनी मान वर न करता विचारलं. मी शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडं निघालो.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला नाही. मीही लावा म्हणालो नाही. आता नख लागून केस उपसायची भीती राहिली नव्हती, मी माझं माझं धुवायला लागलो.

काही महिन्यांनी केस आले. आधी लव दिसली, मग खरेखुरे केस. आरशासमोर मी मोठ्यानं हसलो आणि तसाच तात्यांकडं पळालो. त्यांच्यापुढं डोकं वाकवून म्हणालो, "बघा. तुमी पानी घातलेलंच हायत हे."

त्यांनी हात पाठीमागं बांधूनच वाकून बघितलं. मग विचारलं, "नांग्या भरून आलास व्हय?" लागणीतलं रोप मेलं की त्या मोकळ्या जागी दुसरं लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. मी शपथ घेतली. डॉक्टरांना आत्ता फोन लावतो म्हणालो. त्यानंतर कंपनीतून एक दिवस तरी सुट्टी घेतली होती का मी, आठवून बघा म्हणालो. लहान पोराची थाप ऐकून घ्यावी तशी ते मान हलवत राहिले.

"बेस केलंस," ते म्हणाले. "आता धुवायला तेवढं मला सांगू नगंस."