मंतरलेला भाला

बोरीवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक मित्र दर रविवारी आम्हा चौघांना कागदावरच्या खेळात भुतांशी लढवायचा; गोष्ट तो सांगायचा, त्यातले वीर आम्ही. खेळाचं परदेशी पुस्तक फक्त त्याच्याकडे. त्याला लागणारे वीस बाजूंचे फासे तेव्हा मिळत नसत, म्हणून हाउजीचे आकडे पिशवीतून काढायचे. सहा महिने खपून मी खेळात मंतरलेला भाला मिळवला. पण कितीही मोठा आकडा काढला तरी तो चष्मा पुसत म्हणायचा, "भुताला शरीर नसतं रे. आरपार गेला."

एकदा मी पुस्तकच हिसकावलं. मंतरलेलं शस्त्र भुताला लागतं, असं स्वच्छ छापलं होतं.

"खोटारड्या, भूत कधीच मेलं असतं."

"मग खेळ संपला असता ना," पिशवीची नाडी आवळत तो म्हणाला. "तुम्ही वर कशाला आला असतात?"

पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी मीच वर गेलो, आणि आपण असे गेलो याचाच राग मला अजून येतो.