लाभ, दोन, तीन

कॉलेजात माझा मुख्य विषय गणित, आणि पदार्थविज्ञान दुय्यम. दुय्यम म्हणून मी त्याला कधी मनावर घेतलं नाही, आणि त्यानेही माझी चांगलीच खोड मोडली.

अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारी हिरवे पडदे ओढलेले असत. दोऱ्याला टांगलेली पितळी गोळी हलकेच सोडायची, तिचे वीस झोके मोजायचे, त्यांना किती वेळ लागला ते पाहायचं, आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. गोळी जायची, यायची. तिच्याकडे पाहता पाहता माझे डोळे जड व्हायचे. पडदे, टेबलं, प्रयोग करवून घेणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरांची काळी टोपी, सगळं हळूहळू झुलू लागायचं, आणि मी अचलपूरकडच्या आमच्या संत्र्यांच्या बागेत पोचलेला असायचो. त्या तंद्रीत मी फार सुखी होतो, खोटं कशाला बोलू.

पण आकडा चुकायचा. तो बत्तीस फुटांच्या आसपास यायला हवा. माझा दर वेळी साडेपस्तीस. दोरा बदलला, घड्याळ बदललं, जागा बदलली. तुम्हाला पृथ्वी जरा जास्तच ओढते असं दिसतं, असं डेमॉन्स्ट्रेटर एकदा शांतपणे म्हणाले. परीक्षेला महिना उरला होता. प्रात्यक्षिकात गेलो की दुय्यम विषयात गेलो, म्हणजे अख्ख्या बी.ए.त गेलो. वर्ष बुडालं तर पुस्तकं बांधायची आणि बागेत यायचं, असं माझ्या वडिलांनी, बांनी, आधीच बजावून ठेवलं होतं. मला तर पास होऊन पुढे शिकायला नागपूरला जायचं होतं.

एका रविवारी घरी गेलो. मृगबहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या झाडांची, संत्री उतरत होती. पलीकडच्या काही झाडांना नवी फुलं आली होती आणि त्यांच्या वासाने दुपार गुंगल्यासारखी झाली होती. बा ढिगातली संत्री टोपलीत भरून बैलबंडीत ओतत होते. मोजायचं काम माझ्याकडे दिलं. आमच्याकडे मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात: लाभ, दोन, तीन. बांनी पहिली टोपली भरायला घेतली आणि मी लाभ म्हणालो.

बा थांबले. "टोपली बंडीत पडली काय अजून? पडल्याबिगर लाभ म्हनू नोको. आधीच म्हनशीन तं एक टोपली नुसती तोंडातच राह्यते."

माझी चूक नेमकी हीच होती. प्रयोगशाळेत घड्याळ सुरू करतानाच मी मनात लाभ म्हणत असे, आणि गोळीने तेव्हा एकही झोका पुरा केलेला नसे. माझे वीस म्हणजे खरे एकोणीस होते. आनंदाच्या भरात मी बांना सगळं समजावून सांगितलं, आता पास झालोच म्हणून समजा, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग रिकामी टोपली हातात धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

परीक्षेत मी घड्याळ मुकाट्याने सुरू केलं. गोळी जाऊन परत आली तेव्हा ओठातल्या ओठात लाभ म्हणालो. आकडा बत्तीसच्या जवळपास आला.

नागपूरला निघालो त्या दिवशी बा मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. ट्रंक टपावर चढवून झाल्यावर त्यांनी विचारलं, तो आकडा शेवटी होता तरी कशाचा? पृथ्वीच्या ओढीचा, मी सांगितलं. ती सगळ्याच वस्तूंना स्वतःकडे ओढते.

"अन् ते ओढ सगळ्याइले सारखीच असते काय?"

सारखीच, मी म्हणालो.

"मंग तू काहून जाऊन राहिला?"

ते हसत होते, आणि मला काही केल्या हसता येईना. मोटार सुरू झाली. त्या रविवारी बा रिकामी टोपली घेऊन का उभे राहिले होते, ते मला तेव्हा कळलं. माझी चूक त्यांनी सुधारली नसती, तर मी त्यांच्याजवळच राहिलो असतो.