तळ्यात गेला की आऊट

रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात क्रिकेटचा एकच कायदा होता. बॉल तळ्यात गेला की आऊट, आणि ज्याने मारला त्यानेच पाण्यात उतरून तो आणायचा. गल्ली अरुंद, तिच्या टोकाला बुढातलाव, आणि खेळणाऱ्या पोरांत मी एकटी मुलगी. शेवाळलेले पाय घेऊन घरी गेले की आई दारातच अडवायची. म्हणून मी बॉल कधी हवेत उचललाच नाही. जमिनीलगत, सरळ, उभ्या सायकलींच्या मधून काढायचा. त्याच फटक्यावर मी पुढे भारताकडून खेळले.

आणि त्यानेच माझं खेळणं संपवलं. परदेशातल्या एका सामन्यात शेवटच्या बॉलवर षटकार हवा होता. बॉल अगदी मारण्याजोगा आला, आणि मी तो शिस्तीत जमिनीलगत ढकलला. समोर मोकळं मैदान होतं, पण मला दिसत होतं ते तळं. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. आठवलं की अजूनही स्वतःचाच राग येतो.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. जिकडेतिकडे पाट्या रंगत होत्या. मुलींचा पहिला संघ बांधायला मला प्रशिक्षक नेमलं. मी काय शिकवणार? जित्याची खोड. बॉल खाली ठेवा.

त्यात बीरगावची एक मुलगी होती. वडील कारखान्यात, घराणं मूळचं वर्ध्याकडचं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. ती प्रत्येक बॉल आभाळात धाडायची. मी ओरडले की मान डोलावून "हव, दीदी" म्हणायची आणि पुढचा बॉल पुन्हा वर. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी बजावलं, निवडीच्या सामन्यात बॉल उचललास तर संघासाठी तुझं नाव मी सुचवणार नाही.

एका संध्याकाळी स्कूटरवरून तिला घरी सोडायला गेले, तेव्हा ती जिथे खेळायला शिकली ती जागा तिने दाखवली. रस्त्याकडेला उभ्या ट्रकांची रांग आणि अलीकडे जेमतेम मोकळी जागा. ट्रकखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून तिथल्या पोरांचा कायदा असा की बॉल ट्रकखाली गेला तर आऊट, ट्रकवरून गेला तर सहा, आणि आणायचा मारणाऱ्यानेच. मला हसू आलं. आमचा कायदा तळ्याने केला होता, यांचा ट्रकांनी. तरी मी दिलेली तंबी मागे घेतली नाही. मास्तरकीचा ताठा, दुसरं काय.

निवडीच्या सामन्यात ती माझ्या धाकाने सगळं खाली खेळली. धावा होईनात. निवड करणारी मंडळी घड्याळाकडे बघू लागली. शेवटच्या ओव्हरआधी ती पाणी प्यायला सीमारेषेपाशी आली आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.

"दीदी, मले एक वरून मारू द्या. हात बांधल्यासारखे होऊन राहिले."

हे मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, आणि मला म्हणायला हवं होतं.

"मार तू," मी म्हटलं. "तळ्यात गेला तर मी आणीन."

कुठलं तळं, तिला काय ठाऊक. ती नुसती हसली आणि परत गेली.

पहिलाच बॉल तिने उचलला. तो गोलंदाजाच्या डोक्यावरून, सीमारेषेवरून, मैदानाच्या भिंतीवरून पार गेला. मंडळींनी माना वर केल्या. एकाने मला हाक मारून तिचं नाव विचारून घेतलं.

ती मात्र सवयीने बॅट टाकून बॉल आणायला निघाली होती. मी तिला थांबवलं. भिंतीपलीकडे नाला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी उतरले, चिखलात चाचपडले, आणि बॉल हाताला लागला. वर मुलींचा गलका चालला होता. मी खाली पाण्यात उभी राहून एकटीच हसत होते. परदेशातला माझा तो शेवटचा बॉल एकदाचा तळ्यात पडला होता.