लेकीच्या घरचं अन्न

आमचे सासरे, तात्या, पाटोद्याला आमच्या घरी आले की उंबऱ्याबाहेरच उभे राहत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्याकडचा जुना रिवाज. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे तो रिवाज लांबतच गेला. बाजाराला आले की पिशवीभर शेंगा दारात ठेवायचे, सुमनच्या डोक्यावरून हात फिरवायचे, मला ‘‘जावईबापू, बरं हाय ना?’’ विचारायचे आणि स्टँडकडे वळायचे.

शिरूर कासारकडच्या त्यांच्या गावात तात्यांचा शब्द मोठा. भांडण असो, सोयरीक असो की निवडणूक, पारावर ते बसल्याशिवाय काही ठरत नसे. पाण्याचा तांब्याही त्यांच्या हातात कुणीतरी द्यावा लागे. मी तिकडे गेलो की तोच थाट माझ्याही वाट्याला यायचा. सणावाराला जाऊन पाटावर बसायचं आणि लाड करून घ्यायचे, एवढीच त्यांना माझी माहिती. ती तेवढीच राहिली असती तर माझी अब्रू टिकली असती.

पण एका लग्नाच्या बोलणीला ते पाटोद्यात आले आणि लॉकडाउन लागून गाड्या बंद झाल्या. त्या संध्याकाळी तात्यांनी पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडला. सुमनने ताट वाढलं. ते नुसतेच ताटाकडे बघत राहिले.

‘‘फुकट न्हाई खायाचा मी. कायतरी काम सांग.’’

‘‘तात्या, तुमाला काय काम सांगू?’’

‘‘मजुराला सांगतीस तसं सांग.’’

सुमन वैतागून म्हणाली, ‘‘मंग भांडी घासा.’’

तात्या जेवले, बाह्या सारल्या आणि मोरीत जाऊन बसले. मी तेव्हा पलंगावर लोळत मोबाइलवर जगाची काळजी करत होतो.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तास घरूनच चालायचे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, समोर मोबाइल. निम्म्या पोरांकडे फोन नाही, उरलेल्यांकडे रेंज नाही. तात्या जाता-येता बघत. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, ‘‘पोरं तर दिसंनात. तुमी कुनाशी बोलताव?’’

मी नेटवर्कबद्दल सांगितलं.

‘‘म्हंजे तुमचं बी आमच्यावानीच. पारावर कुनी न्हाई अन् भाषण चालू हाय.’’

सासरा मोरीत आणि जावई पलंगावर, हे गल्लीत कळलं तर काय, या भीतीने शेवटी मीही उठलो. तात्यांनी घासणी सोडली नाही.

‘‘तुमी बसा. जावयानं भांडी घासली तर गावात तोंड कसं दावू?’’

‘‘आणि सासऱ्यानं घासली तर मी गल्लीत कसं दाखवू?’’

तोड निघाली: दार लावायचं, त्यांनी घासायचं, मी विसळायचं. माझ्या विसळण्यामुळे काही दिवस चहाला साबणाची चव होती. सुमन सुरुवातीला हळूच सगळं परत धुवायची. नंतर तिने ते सोडलं आणि पायरीवर बसून निवांत चहा प्यायला लागली, साबणासकट.

असं चाललेलं असताना गावाहून फोन आला, सासूबाईंना ताप होता. घरात त्या एकट्या. भीतीपोटी कुणी आत जाईना, शेजारीण दारात जेवण ठेवून जायची. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या पायीच गावाकडे निघाले. मी पळत सुटलो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला.

‘‘कावून पळताव जावईबापू? तुमाला सवय न्हाई,’’ ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत बोलले, ‘‘हितं बसून सुमनला बघतो मी. सकाळपासून किती ऊठबस करती. तिची माय बी आशीच करत आसल. मी कदी घरात बसलोच न्हाई, मला दिसलं न्हाई.’’

तात्या निदान बाहेर तरी असायचे. मी घरात बसूनही मला काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात दुधाची गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. तात्या मागे, कॅनच्या मधल्या जागेत अंग चोरून बसले आणि गेले.

सासूबाई बऱ्या झाल्या. तात्या गेल्या वर्षी झोपेतच वारले. तेराव्याला माणसं पांगल्यावर सासूबाई सुमनला आणि मला त्या तापाचं सांगत होत्या.

‘‘तोंडाला उपरणं बांधून उशाला बसले. साऱ्या गावाशी बोलायचे, पर माज्याशी काय बोलावं ह्येच त्यायला सुचंना. मंग म्हनले, ‘तुज्या माहेरी मळ्यात काय काय व्हतं गं?’ लगीन होऊन जलम गेला, पैल्यांदाच इचारलं. मी सांगत बसले. हीर, बापाची बैलं, हिरीवरची चिंच. सांगता सांगता माजा डोळा लागला. मी उठले तर त्ये तितंच बसलेले. म्हनले, ‘हं, मंग त्या चिंचेचं काय झालं?’’’