वर्गाबाहेर गेलेलं वाक्य

देवरे सर इंग्रजी शिकवायला लागले की एक तरी विद्यार्थी वर्गाबाहेर पळत असे. ती शिक्षा नव्हती, सरांची पद्धत होती. दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगायचा धडा आला की ते फळ्यावर एक वाक्य लिहायचे, कुणाला तरी उठवायचे आणि म्हणायचे, "जा, मी काय म्हणालो ते स्टाफरूममध्ये सांगून ये. इंग्रजीत. आणि क्रियापद एक पायरी मागं नेऊन." मग एखादं पोर धापा टाकत माझ्यापुढे उभं राहायचं, "मॅडम, सर सेड दॅट इट वॉज व्हेरी हॉट." मी गणिताची. वह्यांतून मान वर करून "बरोबर" म्हणायचे, की ते खूश होऊन परत धावायचं.

आमची शाळा सातपूरला. बहुतेक मुलांचे वडील कारखान्यांत पाळीवर. "यांच्या घरी निरोपांवरच चालतं," सर म्हणायचे. "पोरगं शाळेतून आलं की बाप कामावर. यांना धडा येतोच, नुसता काळ बदलून द्यायचा." मी एकदा विचारलं, काळ बदलायचा कशाला? मराठीत 'येतो म्हणाला' एवढ्यावर भागतं की. तर म्हणाले, "बोललेलं वाक्य शिळं होतं, मॅडम. इंग्रज तेवढं कबूल करतो. आपण शिळंच गरम करून वाढतो."

गेल्या वर्षी गावी, सटाण्याला, त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावजय बघायची. सर इथे खोलीत एकटे. शनिवारी शाळा सुटली की एसटी, सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, फार दिवस धरू नका. "नोकरी सोडा आणि जा त्यांच्याजवळ," मी म्हणायचे. "उद्या बोलतो मोठ्या बाईंशी." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पण तो उद्या काही उजाडत नव्हता. दहावीचा वर्ग आहे, बदली शिक्षक मिळत नाही, एक ना दोन. मला त्यांचा रागच यायचा. खरं तर आम्ही सगळेच इतके दमलेलो होतो की दुसऱ्याचा थकवा बघवत नव्हता.

एका दुपारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम टायर्ड. आय वॉन्ट टु गो होम.' प्रणाली नावाची मुलगी ते सांगायला निघाली. मी शेजारच्या वर्गावर होते, स्टाफरूम रिकामी. मग ती सरळ ऑफिसात गेली आणि मोठ्या बाईंना सांगून आली, सर सेड दॅट ही वॉज टायर्ड अँड वॉन्टेड टु गो होम. बाई नव्या होत्या, त्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती. त्या तशाच उठून वर्गाच्या दारात आल्या. "सर, एवढ्यासाठी मुलीला कशाला पाठवलंत? मला सांगायचं होतं. जा तुम्ही घरी. वर्ग मी बघते."

मुलं फिसकन हसली. मीही दाराशी आले. 'बाई, हा सराव चाललाय,' एवढं मी बोलले असते तर विषय तिथेच मिटला असता. सरांनी फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि खडू टेबलावर ठेवला.

"खरं शे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शाळेत अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली.

ते परत आले नाहीत. आधी रजा, मग राजीनामा. परीक्षा आटोपल्यावर मी सटाण्याला गेले. वहिनी खाटेवर होत्या, सर त्यांना वाटीतून पेज भरवत होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तरी त्यांना बघून मला बरं वाटलं. माणूस जिथे असायला हवा तिथे होता.

"ही म्हणते, तुम्ही वाळलात," सर म्हणाले. थोड्या वेळाने, "ही विचारते, मुलांना पेपर कसे गेले?" वहिनींचे ओठ हलतसुद्धा नव्हते. मी त्यांच्याकडे बघून उत्तरं देत राहिले.

एसटीची वेळ झाली म्हणून मी उठले.

"बसा, मॅडम. ही म्हणस, जेवीसनी जा."

वहिनींना केव्हाच झोप लागली होती. "बरं वहिनी," मी म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.