दाबून सोडायची खोड

मल्लप्पांचा उजवा पाय टेम्पोवर तयार झालेला. चाळीस वर्षं त्यांनी टॉवेलचे गठ्ठे वाहिले, पण त्या खटारा टेम्पोचा ब्रेक पहिल्या दाबाला कधी लागलाच नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तिसऱ्या वेळी कुठे गाडी मनावर घ्यायची. त्या पायाचा त्यांना कोण अभिमान!

बायको यशोदा गेल्यावर पुण्याच्या लेकानं, शिवराजनं, त्यांना नवी कोरी कार घेऊन दिली. स्वतः मात्र दीड वर्षात सोलापूरला फिरकला नाही. मल्लप्पांना घर खायला उठायचं. लेकानं चार दिवस येऊन राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. मग ते रिकामी गाडी घेऊन उगाच नवी पेठेपर्यंत चक्कर मारून यायचे.

एका सकाळी तिथंच पुढची रिक्षा अचानक थांबली. मल्लप्पांनी सवयीनं दाबला, सोडला, दाबला, आणि गाडी रिक्षाला जाऊन धडकली. कुणाला लागलं नाही. पण रिक्षावाल्यानं म्हाताऱ्याची अब्रू चौकात काढली.

मल्लप्पा तणतणत सर्व्हिस सेंटरला गेले. "ब्रेकला मदत करनारं यंत्र हाय म्हनून सांगितलं हुतं. कुटं हाय ती मदत?"

तिथल्या उत्कर्षा नावाच्या इंजिनिअर मुलीनं सगळं तपासलं. बिघाड काही सापडेना. मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांना ब्रेक मारायला लावला.

"काका, सोडलात की!"

"मग? सोडायलाच लागतो की."

"ह्या गाडीत नाही. तुम्ही पेडल किती झटक्यात दाबता ते ती ओळखते. झटका बसला की समजते, माणूस अडचणीत आहे. मग तुमचा पाय कमी पडला तरी उरलेला जोर ती लावते. पण पाय काढलात तर तिला वाटतं संकट टळलं, आणि मदतही जाते. पेडल थरथरेल, घाबरू नका. गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवा."

तिसऱ्या खेपेला जमलं. पेडल पायाखाली थरथरलं, मल्लप्पांनी दातओठ खाऊन पाय रोवला, आणि गाडी हुकूम ऐकल्यासारखी थांबली. सत्तरीला टेकलेला माणूस पोरासारखा हसला.

घरी आल्यावर ही मर्दुमकी सांगायला कुणी नव्हतं. जेवणाच्या वेळी त्यांनी रोजच्यासारखा शिवराजला फोन लावला. रोज दोन रिंगा झाल्या की ते कापायचे. पोरगं कामात असेल. संध्याकाळी लेकाचा मेसेज यायचा, 'सगळं ठीक ना?' हे अंगठा पाठवायचे. झालं बापलेकाचं बोलणं.

आजही दोन रिंगा झाल्या, बोट लाल बटणाकडे गेलं आणि मल्लप्पा थबकले. पोरानं तरी काय समजावं? म्हाताऱ्यानं सोडला, म्हणजे बरंच चाललंय!

त्यांनी फोन वाजू दिला. तिसरी, चौथी, सहावी रिंग.

"आप्पा? मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक आहे ना?"

'व्हय, ठेव' ओठांवर आलंच होतं.

"न्हाय," मल्लप्पा म्हणाले. आवाज कापला, तरी थांबले नाहीत. "ठीक न्हाय, शिवा. लई एकटं वाटतंय रं. ये की."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आप्पा, ठेवू नका," शिवराज म्हणाला. "मी बाहेर येतोय. फोन ठेवू नका."