दगूमामा आणि खरखर

दगूमामा बोलायच्या आधी समोर जे काही असेल त्याच्यावर बोटानं टक टक करायचा, मग फू फू अशी फुंकर मारायचा, आणि मगच तोंड उघडायचा. समोर माईक असलाच पाहिजे असं काही नव्हतं. चहाचा कप चालायचा, दाराची कडी चालायची, माझं डोकंही चालायचं. माझ्या डोक्यावर टक टक केल्यावर तो जरा कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "पोकळ हाय, पण आवाज चांगला घुमतो."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. मी सातवीत नापास झालो, परत बसलो, परत नापास झालो. तेव्हा गुरुजींनीच आईला सांगितलं की याला काहीतरी उचलायचं काम बघा. मामाचे कर्णे उचलायला मी लागलो तो असा, गुरुजींच्या शिफारशीनं. पुढे टेम्पो चालवायला शिकलो. मग चांदवड, देवळा, जिथं लग्न असेल तिथं मागे कर्णे, पुढे आम्ही दोघं, असं आमचं चालायचं. मामा वाटेत टेम्पोच्या काचेवर टक टक, फू फू करून मला सांगायचा, "बाळ्या, गाय आली." तोपर्यंत गाय येऊन गेलेली असायची.

माझं लग्नही त्याच्या फुंकरीनं जमलं. मंगलला बघायला गेलो तेव्हा मामाच्या हातात पोह्याची प्लेट होती. सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मामानं प्लेटवर टक टक केलं आणि फुंकर मारली. सगळं खोबरं सासऱ्यांच्या मिशीवर. मंगल दाराआडून हसली. मला वाटलं मला बघून लाजून हसली, म्हणून मी तिथंच होकार देऊन टाकला. बरीच वर्षं मी त्याच समजुतीत होतो. एकदा भांडणात तिनंच खरं काय ते सांगितलं.

मामाला जगात एकाच गोष्टीचा राग होता. स्पीकरची खरखर. "शिट्टी वाजली तरी चालंल, आवाज गेला तरी चालंल," तो म्हणायचा, "पण खरखर नाय. खरखर म्हंजे कुठंतरी काहीतरी सुटलंय." देवळ्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यानं हात वर करून भटजींना थांबवलं. नवरा-नवरी हार घेऊन उभे, वऱ्हाड मुठीत अक्षता धरून उभं. भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त चाललाय." मामा म्हणाला, "मुहूर्त पत्रिकेत लिहिलाय, तो कुठं जातोय? खरखरीत लग्न लागलं तर जन्मभर घरात खरखर राहील." मग त्यानं मला चिंचेवर बांधलेला कर्णा बघायला सांगितलं. मी आधीच झाडावर होतो. फोटो चांगला दिसतो म्हणून चढलो होतो आणि माझा एक पाय कर्ण्याच्या तोंडात होता. पाय काढला, खरखर गेली, लग्न लागलं. मामानं खाली आल्यावर मला फक्त एवढंच सांगितलं, "आवाजाला वाट पाहिजे, बाळ्या. तू वाटंत उभा राहू नको."

त्याची एकुलती एक पोरगी वंदना. मामी लवकर गेली, म्हणून पोरीला यानंच वाढवलं. तिच्या लग्नातही स्पीकर यालाच लावायचा होता. नवरीचा बाप म्हणून कोपऱ्यात बसेल तर शपथ. पाठवणीच्या वेळी त्यानं माईकवरून सांगितलं, "मुलगी निघालेली आहे, ज्यांना रडायचं असंल त्यांनी मंडपाच्या डाव्या बाजूला यावं." आणि मग स्वतःच डाव्या बाजूला जाऊन रडला, पण माईक हातातच होता आणि चालू होता. त्याचे हुंदके द्वारकेच्या चौकापर्यंत गेले. तिकडून चार-पाच रिक्षावाले कोण गेलं म्हणून विचारायला आले. त्यांना जेवायला घालून पाठवलं.

वंदना नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. तोपर्यंत डीजेचे मोठे डबे आले होते आणि मामाचे कर्णे दुकानात उलटे पडले होते. तिला मुलगी झाली, सई. मामानं नातीला फोटोतच बघितलेलं. मग वंदनानं एका ओळखीच्या माणसाबरोबर नवाकोरा लॅपटॉप पाठवला, बापाला नात दिसावी म्हणून. मामाकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून तो माझ्या घरी ठेवला.

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाही. टेम्पोच्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं ते टेम्पो विकेपर्यंत होतं. उन्हाळ्यात त्याला चिकटून मी घाट चढलो आहे, सीटवरून उठताना माझ्या पाठीचा आवाज यायचा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफा प्लास्टिकमध्ये. मंगल म्हणते, "यांना लग्नात मी कोरी मिळाले, पण गुंडाळून ठेवायचं राहून गेलं." लॅपटॉपवरही एक पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं, बटणांच्या वरच्या पट्टीवर, जिथून आवाज येतो तिथंच. त्याची एक कड जराशी उचकटलेली होती. ती मी रोज सकाळी अंगठ्यानं दाबून बसवायचो. देवपूजा मंगल करायची आणि हे काम मी.

पहिल्यांदा कॅमेऱ्यावर बोलणं झालं तेव्हा वंदना बोलली ते थोडंफार कळलं. पण सई तोंडाजवळ येऊन मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि स्पीकर असा खरखरला की मामानं कानावर हात ठेवले. वंदना म्हणत होती, "आण्णा, ती आबा म्हणतेय तुम्हाला." इकडे नुसतं खर्रर्र. मामाचा चेहरा उतरला. म्हणाला, "सुटलंय. कुठंतरी काहीतरी सुटलंय."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मामाच्या घशाचं काय ते सांगितलं. त्याचा आवाज बरेच दिवस बसलेला होता, आम्हाला वाटायचं ओरडून ओरडून बसला. तपासताना डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर मामानं नळीचं टोक हातात धरून टक टक केलं आणि फुंकर मारली. डॉक्टर कान चोळत खुर्चीतून उठले. मग शांतपणे म्हणाले, घशातली पेटी काढावी लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मंगळवारी ऑपरेशन.

दवाखान्यातून परत येताना मामा रस्त्यातच थांबला. मग माझ्या डोक्यावर टक टक केलं. फुंकर मारली. म्हणाला, "बाळ्या, रविवारी पोरीचा फोन हाय. नात आबा म्हणंल, ते मला स्वच्छ ऐकायचंय. आन् माझ्या आवाजात तिला ओ द्यायचीय. एकदाच. तेवढी खरखर काढ." मी म्हटलं, "मामा, द्वारकेला कॉम्प्युटरवाला आहे, त्याला दाखवू." तो म्हणाला, "माझा स्पीकर दुसरा दुरुस्त करणार? नाय. आपण दोघं करू." त्यातला मी एक होतो, इथंच काम बिघडलं.

मामाच्या मते लॅपटॉपला विमानात सर्दी झाली होती. म्हणून तो गच्चीवर उन्हात ठेवला, मंगलच्या कुरडयांशेजारी. मंगलनं मला राखणीला बसवलं. मला डुलकी लागली आणि कावळा एक कुरडई घेऊन गेला. लॅपटॉपकडे त्यानं बघितलंही नाही.

उन्हानं फरक पडला नाही. मग मामा म्हणाला, उंची कमी पडतेय. जमिनीवर ठेवलेला कर्णा कधी नीट वाजलाय का? मी लॅपटॉप दोरीनं पाण्याच्या टाकीला बांधला, तोंड गल्लीकडं. वंदनाला फोन लावला. बांधताना तो उलटा झाला होता, हे मला माहीत नव्हतं. मस्कतमध्ये वंदनाला आमची गल्ली उलटी दिसत होती आणि मधे माझं नाक. खाली लोक जमले. शेजारचे शिंपीकाका वर बघून म्हणाले, "अरे बाळू, ही दगूची वंदी ना? खाली डोकं वर पाय का झाली?" वंदना टाकीवरून म्हणाली, "बाळूदादा, काय करताय तुम्ही?" म्हणजे बहुतेक तेच म्हणाली. खरखर सगळ्या गल्लीला ऐकू गेली. खाली मामानं डोक्याला हात लावला. त्याच्या दुकानाची एवढी वर्षांची अब्रू टाकीला लटकत होती.

मग अर्थिंग. जुन्या दिवसांत खरखर आली की मामा जमिनीत सळई ठोकून तिच्यावर पाणी ओतायचा. इथं सळई नव्हती, मी होतो. त्यानं मला अंगणात ओल्या मातीत अनवाणी उभं केलं, एक वायर माझ्या अंगठ्याला गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक लॅपटॉपखाली सरकवून ठेवलं. अधूनमधून तो माझ्या पायावर तांब्यानं पाणी घालायचा. आमची आई देवदर्शनाहून आली, तिला वाटलं मामा माझे पाय धुतोय. ती गहिवरली. म्हणाली, "भाच्याचा मान ठेवतोय माझा भाऊ." खरखर होती तशीच होती. मला मात्र सर्दी झाली.

शनिवारी मी मामाला न सांगता लॅपटॉप त्या द्वारकेच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेलाच. त्यानं गाणं लावलं, ऐकलं, आणि नख घालून ते प्लास्टिक उचकटायला लागला. मी त्याच्या हातावर चापटी मारली. "नवीन आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "अहो, पण हे…" मी म्हटलं, "दुरुस्त करायला आणलाय, जुना करायला नाही." लॅपटॉप काखेत मारून मी बाहेर पडलो. वाटेत थांबून उचकटलेली कड थुंकी लावून चिकटवली. असा मी माणूस.

रविवारी दुपारी मामा आला. कडक टोपी घातलेली, दाढी केलेली. आवाज आणखी बसला होता. लॅपटॉप टेबलावर होता, अजून चालू केलेला नव्हता. मामा समोर बसला. मग म्हणाला, "नाय जमलं ना?" मी मान हलवली. तो हसला. "असू दे. पुष्कळ लग्नं स्वच्छ लावली आपण. घरचंच राहिलं." आणि सवयीनं, काहीतरी सांगायचं म्हणून, त्यानं लॅपटॉपच्या त्या पट्टीवर टक टक केलं आणि फू केलं.

खर्रर्र.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामानं परत फुंकर मारली. खर्रर्र. स्वयंपाकघरातून मंगल म्हणाली, "अहो, चालू नाहीये ना तो?" मी म्हटलं, "नाही." "मग खरखरतंय काय?"

ती पदराला हात पुसत आली. मामाला म्हणाली, "मारा बरं फुंकर." त्यानं मारली. उचकटलेली कड माशीच्या पंखासारखी थरथरली. मंगलनं माझ्याकडे जसं बघितलं तसं तिनं आमच्या लग्नानंतर फक्त एकदाच बघितलं होतं, मी सासऱ्यांच्या नव्या सायकलचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं तेव्हा. मी म्हटलं, "अगं, नवीन आहे." तिनं नखात कड धरली आणि एका झटक्यात सगळं प्लास्टिक ओढून काढलं. तो आवाज अजून माझ्या अंगावर येतो.

फोन लागला. वंदना दिसली, मांडीवर सई. मामा ताठ बसला, टक टक केलं, फू फू केलं. काहीच खरखरलं नाही. सईनं तिकडून बघितलं आणि म्हणाली, "आबा."

इतकं स्वच्छ आलं की मला वाटलं पोरगी टेबलाखालीच आहे.

मामानं ओ दिली. "ओ," म्हणाला. मग घसा खाकरला आणि जो काही आवाज शिल्लक होता तो सगळा काढून, लग्नात म्हणायचा तसं म्हणाला, "हॅलो, हॅलो. मस्कतच्या सईताई, जिथं असाल तिथून स्टेजजवळ या. तुमचे आबा तुमची वाट बघत हायेत." सई खरंच जवळ आली. इतकी जवळ की पडद्यावर नुसता एक डोळा. मामा तिला बरंच काही बोलला. मी आणि मंगल मंडपाच्या डाव्या बाजूला, म्हणजे स्वयंपाकघरात, जाऊन उभे राहिलो. शेवटी सईनं तिकडच्या लॅपटॉपवर बोट आपटलं आणि ओठांचा चंबू करून फू केलं.

ऑपरेशन नीट झालं. मामा त्यानंतर बरीच वर्षं होता. श्वास गळ्याच्या भोकातून चालायचा, त्यामुळे आवाजाबरोबर फुंकरही गेली. टक टक तेवढी राहिली. दर रविवारी तो लॅपटॉपवर टक टक करायचा आणि तिकडून सई फू फू करायची. आबांशी असंच बोलतात, अशी तिची समजूत होती. ती माईकला तोंड लावून फुंकायची, त्यामुळे इकडे स्पीकर चांगलाच खरखरायचा. पहिल्यांदा मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर मामानं माझ्या हातावर चापटी मारली आणि स्पीकरला कान लावून बसला.

मामा गेला. सई आता मोठी झाली आहे, मला बाळूमामा म्हणते आणि मोबाईलवर फोन करते. बोलायच्या आधी टक टक, फू फू. मोबाईल नवीन आहे. त्याचं प्लास्टिक मी दुकानातच, डोळे मिटून, स्वतःच्या हातानं काढलं. तरी तिची फुंकर आली की खरखरतो. मंगल म्हणते, दाखवून आणा कुठंतरी. मी म्हणतो, राहू दे.